लांडग्याचा डोळा

आमच्या बिगरीच्या मौलवीसाहेबांच्या दाढीला कायम काहीतरी चिकटलेलं असायचं. कधी मोराच्या पिसाऱ्याचं टोक, कधी हत्तीचा कान, आणि काहीच नसलं तर वाळलेली खळ. पिठाची ती खळ ते स्वतः शिजवत आणि उंदरांनी खाऊ नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. त्यामुळे त्यांची बोटं बारा महिने निळी दिसत. गावाने त्यांचं नाव खळमौलवी पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. दाढीतला कागद काढून दाखवला की म्हणायचे, "राहू दे गं. रिकाम्या दाढीचा काय उपयोग?"

या माणसाने आम्हाला मैत्री शिकवली. मी आता नव्वदीला टेकले आहे आणि मैत्री शिकवता येते यावर माझा विश्वास उरलेला नाही. त्यांचा होता, आणि तो त्यांना भोवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी गोड शेवटाची वाट बघत बसायला नको.

आमचं गाव येडशीपासून दोन कोसांवर. अमल निजामाचा, शाळा सरकारी. वरच्या वर्गांना उर्दू सक्तीची होती, पण पहिलीच्या आधीची बिगरी म्हणजे मौलवीसाहेबांची जहागीर. तिथे काय शिकवायचं ते तेच ठरवत. आम्ही लिंगायत, पेठेत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कापडाचं दुकान. त्या काळी गिरणीतून येणाऱ्या ताग्यावर रंगीत चित्राचा कागद चिकटवलेला असे. वाघ, हरीण, हत्ती, पोपट. आप्पा ओलं फडकं लावून तो कागद अलगद सोडवत आणि मौलवीसाहेबांसाठी गादीखाली ठेवत. बाकीची जनावरं काड्यापेट्यांवरून येत. मौलवीसाहेबांच्या बीबीने मांजरपाटाचे तुकडे शिवून एक जाड वही करून दिली होती. तिच्या कापडी पानांवर ही सगळी चित्रं ते चिकटवत. बीबी वारली, वही राहिली. आमच्यासाठी ती 'जनावरांची वही'. दुसरं चित्रांचं पुस्तक आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नव्हतं.

त्या वहीत एका पानावर एकटं जनावर कधी नसे. हत्तीशेजारी उंदीर, वाघाशेजारी हरीण, मोराशेजारी साप. मौलवीसाहेबांचे वडील फार धर्मपरायण होते. जिवंत प्राण्याची तसबीर बनवणं पाप, असं त्यांनी मुलाला बजावलेलं. मौलवीसाहेबांनी ते आयुष्यभर पाळलं, फक्त आपल्या पद्धतीने पाळलं. "मी कुठं बनवतो?" ते म्हणत. "अल्लाने बनवलं, गिरणीवाल्याने छापलं. मी फक्त शेजारी बसवतो." आणि मनाला उगाच टोचणी नको म्हणून प्रत्येक जनावराचा डोळा ते नखाने खरवडून काढत. डोळा नाही म्हणजे जीव नाही, जीव नाही म्हणजे पाप नाही.

तो डोळा परत घालायचं काम आमचं. दोन पोरांना मिळून एक पान असे, एकेकाला एकेक जनावर. ती दोघं वर्षभर एका पाटीवर लिहीत, एका तांब्यातलं पाणी पीत, भांडत, कट्टी घेत. मौलवीसाहेब नुसते बघत असायचे. एक दिवस त्यांना वाटलं की दोघांचं जमलं, की ते बोरू आणि शाईची दौत पुढे ठेवत. नियम एकच होता. आपल्या जनावराला डोळा आपण घालायचा नाही, तो शेजारच्याने घालायचा. हत्ती झालेला पोरगा उंदराला डोळा घाली आणि उंदीर झालेला हत्तीला. शाई वाळेपर्यंत सगळा वर्ग श्वास रोखून बसे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबाने वही चाळून कपाळाला आठ्या घातल्या. "ये आधे जानवर अंधे क्यूं हैं?" मौलवीसाहेब उठून उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "हुजूर, अभी दोस्त नहीं हुए."

गायवासराचं एक पान होतं. ते उघडलं की एक गोष्ट ते हमखास सांगत, आणि मला ती जशीच्या तशी पाठ आहे. "वासरू बघा. गाय दिसली की भर बाजारात हंबरतं. लाजतं का? चार माणसं काय म्हणतील बघतं का? तसं करायचं. दोस्त दिसला की आधी आपण हाक मारायची. तो बघेल मग मी बोलीन, असला हिशेब दोस्तीत नक्को." हे ते स्वतः रोज करत. पेठेत कुणी पोर दिसलं की लांबून नावाने हाक. आणि पोराने सलाम केला की हातातलं काम टाकून, उभं राहून, कपाळाला हात लावून जवाब. मी एकदा गंमत म्हणून त्यांना दुकानापासून शाळेपर्यंत सात वेळा सलाम केला होता. सातही वेळा ते थांबले.

माझ्या पानावर शेळी आणि लांडगा. शेळी मी. लांडगा म्हणून माझ्या शेजारी बसवला बिरप्पा, धनगरांचा पोरगा. वयाने माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, अंगाला मेंढरांचा वास आणि तोंडाला लगाम नाही. पहिल्याच दिवशी त्याने पानावर बोट ठेवलं. "मौलवीसाब, हे लांडगं न्हाय. कुत्रं हाय हे."

"लांडगाच आहे बेटा."

"न्हाय जी. लांडग्याची शेपूट अशी वर नसती. खाली लोंबती. म्या रोज बघतो."

ते चित्र काड्यापेटीवरचं, आणि खरोखर कुत्र्याचंच होतं. पण मौलवीसाहेबांनी वाद घातला नाही. कात्री घेतली, शेपूट कापली आणि खाली वळवून परत चिकटवली. "आता?"

बिरप्पाने मान तिरकी करून नीट पाहिलं. "आता झालं लांडगं," म्हणाला, आणि हाताची घडी घातली. "मंग म्या शेळीला डोळा घालणार न्हाय. कुत्रं असतं तर घातला असता. लांडगा शेळीचा दोस्त न्हाय व्हत. आमच्या तीन शेळ्या नेल्यात त्यानं."

वर्गात हशा पिकला. मौलवीसाहेबही हसले, पण त्यांना ते लागलं होतं. वर्षभर त्यांनी बिरप्पाला गोडीगुलाबीने समजावलं. या लांडग्याचं पोट भरलेलं आहे म्हणाले, हा लहानपणापासून शेळीच्या दुधावर वाढलाय म्हणाले. बिरप्पा ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. माझ्याशी त्याचं वाकडं नव्हतं. करवंदं आणून द्यायचा, माझी पाटी पुसून द्यायचा. पण खोट्या चित्राला डोळा घालणार नाही म्हणजे नाही. एकतर्फी डोळा मौलवीसाहेबांना चालत नसे. त्याने घातला नाही म्हणून मलाही घालता येईना, आणि मी रडरड रडले. मौलवीसाहेब म्हणाले, "पान ठेवू तसंच. ह्याला पटेल त्या दिवशी घालू." बिगरी संपली, बिरप्पा शाळा सोडून मेंढरांमागे गेला, पान आंधळंच राहिलं. इतर पानांवर मात्र मी हौसेने लुडबूड केली. लहान पोरांचा हात थरथरला की मौलवीसाहेब मला बोलावत. वहीतले निम्मे डोळे माझ्या हाताखालून गेलेले आहेत. मी त्यांची लाडकी होते. हे मी आज अभिमानाने सांगत नाही.

मी तेरा वर्षांची झाले तेव्हा मुलखात गडबड सुरू झाली. खाकी कपड्यातल्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. एक दिवस त्या आमच्या पेठेत आल्या. आप्पांच्या दुकानापुढे मौलवीसाहेब दोन्ही हात पसरून उभे राहिले. "इथं माझी पोरं राहतात," म्हणाले. त्यांच्याच धर्माच्या एका विशीतल्या पोराने त्यांच्या थोबाडीत मारली. टोपी गटारात पडली. दुकान लुटायचं ते लुटलंच. आप्पांनी टोपी उचलून, धुऊन, वाळवून त्यांना नेऊन दिली, आणि घरी येऊन अव्वापाशी, माझ्या आईपाशी, रडले. "ह्या माणसाचं उपकार फिटायचं न्हाय," म्हणाले. आप्पांनी उच्चारलेलं हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मग हिंदुस्थान सरकारची फौज आली, चार-पाच दिवसांत निजामाचा अमल संपला, आणि आता राग काढायची पाळी दुसऱ्यांची होती. आजूबाजूच्या गावांतून बातम्या यायला लागल्या. मुसलमानांची घरं एकेक करून रिकामी झाली. मौलवीसाहेबांचे भाचे त्यांना न्यायला आले होते. ते गेले नाहीत. आप्पांनीही त्यांना समजावलं. "जावा मौलवीसाब. दिवस बरे न्हाईत."

"कुणाला भिऊ, आप्पासाब?" ते म्हणाले. "गावातलं तिशीच्या आतलं एकेक पोर माझ्या बिगरीतून गेलंय. दुसऱ्याच्या जनावराला डोळा घातल्याशिवाय एकाला मी वर पाठवलं न्हाई. न्हाई म्हणणारा एक बिरप्पा तेवढा राहिला, आणि तो तर रानात असतो."

याला मी अजून हसावं की डोकं आपटावं, कळत नाही. सगळी भीती त्यांनी एका बिरप्पावर ठेवली होती.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी त्यांच्या आळीकडून आरडाओरडा ऐकू आला. धूर दिसला. आप्पांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि दाराला आतून अडसर घातला. थोड्या वेळाने दार वाजलं.

"आप्पासाब, मी आहे. मौलवी."

मी उठले. आप्पांनी माझा दंड धरला. "गप. आत घेतलं तर घर जाळतेत. तुझे भाऊ हायेत घरात." अव्वाने धाकट्याच्या तोंडावर हात ठेवला. दार आणखी एकदा वाजलं, हळूच, पाहुण्याने वाजवावं तसं. मग चपलांचा आवाज दूर गेला. तिसऱ्यांदा वाजवलं असतं तर आप्पांनी अडसर काढला असता, असं अव्वा मरेपर्यंत म्हणायची. मला तसं वाटत नाही. अडसर मलाही काढता आला असता. आप्पांनी माझा दंड केव्हाच सोडला होता.

मौलवीसाहेब मेले, असंच आम्ही धरून चाललो. तीन दिवस मी अन्नाला शिवले नाही. त्यांना शेवटचं ऐकू आलेलं काय, तर आमचं बंद दार. हे एकच मनात. चौथ्या दिवशी पेठ अर्धीमुर्धी उघडली. समोरच्या ओट्यावर पाच-सहा जण तंबाखू मळत बसले होते, काठ्या-कुऱ्हाडी भिंतीला टेकवलेल्या. मी आमच्या उंबऱ्यावर सुपात ज्वारी निवडत होते.

तेवढ्यात मेंढरं आली. पावसाने ओढा भरलेला होता आणि येडशीकडे जायला पेठेतलीच वाट होती. पुढे बिरप्पा, आता मिसरूड फुटलेला, तोंडाने हाकारे घालत. मागे एक वाकलेला म्हातारा धनगर, डोक्यावरून घोंगडी घेतलेला, गाल कसेबसे भादरलेले. कुणी मान वर करून पाहिलं नाही. मेंढरांकडे कोण बघतो? मीही पाहिलं नसतं. पण म्हातारा माझ्यासमोरून गेला आणि काठी धरलेली बोटं मला दिसली. ती निळी होती.

काय होतंय ते कळायच्या आत मी उभी राहिले होते. सूप पालथं झालं. माणूस जिवंत आहे, आम्ही दार उघडलं नाही तरी जिवंत आहे, या आनंदापुढे मला ओटा दिसला नाही, कुऱ्हाडी दिसल्या नाहीत. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, त्यांनी बघायची वाट न बघता, मी भर पेठेत हाक मारली.

"सलाम, मौलवीसाब!"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. ते तसेच चालत राहिले असते तर ओट्यावरच्यांनी पोरीचा खुळेपणा म्हणून सोडून दिलं असतं. बिरप्पाने तर वळूनही पाहिलं नाही, मेंढरं जोरात हाकली. पण पोराच्या सलामाला जवाब न देता या माणसाने जन्मात पाऊल पुढे टाकलं नव्हतं. ते थांबले. माझ्याकडे वळले. निळा हात कपाळाला लावला.

"जीती रह, गौरा बेटी."

ओट्यावरची माणसं उठली. त्यातले दोघे आमच्या बिगरीतले होते. हत्तीला डोळा घातलेला एक, आणि वाघाला घातलेला दुसरा. हत्तीचा डोळा तर इतका गोल उतरला होता की मौलवीसाहेबांनी त्याला गूळ दिला होता. मेंढरं बुजली आणि ओरडत बोळाबोळांत शिरली. आप्पांनी मला आत ओढलं. त्यानंतरचं मी पाहिलं नाही. ओढ्यापर्यंत नेलं, एवढंच पुढे कानावर आलं. मौलवीसाहेबांची कबर कुठेही नाही.

दिवाळीच्या सुमारास बिरप्पा आला. उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता, तो पुढे वाकडाच राहिला. डाव्या हाताने त्याने घोंगडीतून वही काढून उंबऱ्यावर ठेवली. "वाटंत पडली व्हती," म्हणाला. "म्हाताऱ्यानं पोटाशी बांधली व्हती. घर जळतानी एवढंच घेऊन निघालं."

तीन दिवस त्यानेच त्यांना मेंढरांच्या वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत, ठेवलं होतं. ओळख लपावी म्हणून लोकर कातरायच्या कातरीने दाढी कातरली होती. "डोळं मिटून बसलं व्हतं," बिरप्पा म्हणाला. "झाल्यावर गालावरनं हात फिरवला आन् म्हणलं, आता ह्याला काय चिकटणार रं?"

मी विचारलं, "तुला तर पटत नव्हतं. मग का लपवलंस?"

"पटायचं काय त्यात? म्हातारं येऊन वाडग्यात बसलं. मेंढरं बुजली न्हाईत. मंग ऱ्हाऊ दिलं."

वही उघडली तर लांडगा-शेळीचं पान आपोआप वर आलं. शेळीला डोळा होता. कोळशाने घातलेला, वाकडा, जरा मोठाच. मी त्याच्याकडे पाहिलं.

"लांडगा शेळीचा दोस्त न्हाईच व्हत," बिरप्पा जमिनीकडे बघत म्हणाला. "पर म्हातारं रडत व्हतं. म्हणलं, आता तरी घाल. म्हणून घातला. तुझा तेवढा ऱ्हायला."

त्याने मला बोल लावला नाही. लावला असता तर मी त्याचे पाय धरले असते. जाता जाता म्हणाला, "तू हाक मारल्यावर म्हातारं हसलं व्हतं. म्या मागं वळून बघितलं न्हाय, पर आवाजात कळतंय की." हे सांगून त्याने माझ्यावर दया केली की मला आयुष्यभराची शिक्षा दिली, ते अजून ठरत नाही.

लग्न होऊन मी सोलापूरला आले, मुलं झाली, नातवंडं झाली. रस्त्यात, देवळात, दवाखान्यात ओळखीचं माणूस दिसलं की मी हाक मारत नाही. ते बघेपर्यंत थांबते, आणि नाही बघितलं तर जाऊ देते. लोक मला शिष्ट म्हणतात. म्हणोत.

घरात आता पणती आहे, पाच वर्षांची. तिच्याकडे जनावरांची ढीगभर पुस्तकं आहेत. त्यांत सिंह आणि ससा गळ्यात गळे घालून बसलेले असतात, आणि सगळ्यांना छापतानाच दोन-दोन टपोरे डोळे दिलेले असतात. गेल्या महिन्यात तिने माझ्या पेटीतून वही काढली. मी पाहिलं तेव्हा ती जमिनीवर पालथी पडून, काळा स्केचपेन हातात घेऊन, लांडग्याच्या तोंडावर वाकली होती.

मी तिच्या हातावर फटका मारला. घरातल्या एकाही पोरावर मी आजवर हात उगारलेला नव्हता. पेन उडून पलंगाखाली गेलं. ती हमसून रडायला लागली.

"पणजी, त्याला दिसत नाहीये," ती रडत रडत म्हणाली. "मी डोळा घालत होते."

"तू नाही घालायचा," मी म्हणाले. "ती पाळी माझी आहे."